रातकिड्यांची हजेरी

शिक्षकाचा दिवस हजेरीने सुरू होतो. चाळीस-पन्नास नावे घ्यावयाची, प्रत्येक नावानंतर क्षणभर कान टवकारावयाचे, आणि ज्या नावाला उत्तर येणार नाही त्याच्यापुढे गैरहजेरीची खूण करून पुढच्या नावाकडे वळावयाचे, हा क्रम आम्ही इतकी वर्षे पाळीत आलो आहो की, ज्याचे उत्तर ऐकू येत नाही तो जागेवर नाही, अशी आमच्या मनाची पक्की समजूत होऊन बसली होती. वर्गाबाहेरच्या जगाचीही आम्ही याच रीतीने हजेरी घेत असू. या समजुतीला धक्का दिला तो बोटाच्या पेराएवढ्या एका काळ्या किड्याने. त्याचीच ही हकीकत आहे.

तिरोडी हे गाव ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना ते मँगनीजमुळे ठाऊक असते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा जो पट्टा गेला आहे, त्यातलेच हे एक ठिकाण. १९३८ साली येथल्या खडकात सापडलेल्या एका खनिजाला भूशास्त्रज्ञांनी ‘तिरोडाइट’ असे नाव दिले होते. १९९७ सालच्या नव्या नामावलीत ते नाव मागे पडले. तथापि आमच्या एवढ्याशा गावाचे नाव काही काळ जगाच्या खनिजसूचीत मिरवून आले, याचा आम्हांला अजूनही थोडा अभिमान वाटतो. सांगावयाचे ते इतकेच की, तिरोडीची कीर्ती ही जमिनीखालची कीर्ती आहे. जमिनीवर काय आहे, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. जमिनीवर रान आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, पळस आणि बांबू यांचे, उन्हाळ्यात पाने गाळून उघडेबोडके उभे राहणारे आणि पावसाच्या चार सरी पडताच ओळखू येणार नाही असे हिरवे होणारे रान.

या रानाला रात्री आवाज फुटतो. मराठी भाषेने तो फार पूर्वीच ऐकून ठेवला आहे. घनदाट अरण्याला आपण किर्र रान म्हणतो, गडद अंधाराला किर्र अंधार म्हणतो. वास्तविक अंधाराला आवाज नसतो, आणि झाडांच्या दाटीलाही नसतो. आवाज असतो तो त्या दाटीत बसलेल्या रातकिड्यांचा. परंतु आपल्या पूर्वजांच्या कानांत रान आणि रातकिडा यांची अशी सांगड बसली होती की, एकाचे वर्णन करताना दुसऱ्याचा स्वर आपोआप शब्दात उतरला. संस्कृतातही रातकिड्याला ‘झिल्ली’ असे नादावरूनच आलेले वाटावे असे नाव आहे.

आमच्या बिऱ्हाडामागे बांबूचे एक बेट आहे. बांबूच्या जुडग्याला बेट म्हणतात, हे पुस्तकांतून आम्ही वाचले होते; पण आमचा जन्म समुद्रकाठचा असल्यामुळे बेट म्हटले की होडी, भरतीचे पाणी आणि पलीकडच्या तीरावरची माडांची रांग एवढेच डोळ्यांपुढे येई. येथे आल्यावर त्या शब्दाची योग्यता पटली. उन्हाने तापलेल्या मोकळ्या जमिनीत हे बांबूचे बेट खरोखरच बेटासारखे उभे असते. त्याच्या आत सावली निराळी, ओल निराळी, हवाही निराळी. खाली वाळक्या पानांचा वीतभर थर साचलेला असतो, आणि त्या थराखाली, जमिनीच्या भेगांत, आमचे रातकिडे राहतात.

रानात आणि शेतात रातकिड्यांच्या अनेक जाती आहेत; पण आमच्या बेटात वारंवार भेटतो तो अगदी सामान्य जातीचा. अंग काळे कुळकुळीत, आणि पुढच्या पंखांच्या मुळाशी दोन फिकट पिवळे ठिपके. या दोन ठिपक्यांवरूनच १७७३ साली स्वीडनच्या डी गीर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने त्याला ‘ग्रिलस बायमॅक्युलेटस’ असे शास्त्रीय नाव दिले. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशिया असा त्याचा प्रचंड संसार आहे. म्हणजे तो काही तिरोडीचा खास रहिवासी नव्हे. तो गळ्याने गात नाही. त्याच्या एका पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस कानशीसारखी बारीक दात्यांची रांग असते आणि दुसऱ्या पंखाला धारदार कड असते. पंख किंचित उचलून तो एकावर एक घासतो, आणि त्या घर्षणाने पंखाचा पातळ पडदा थरारून स्वर निघतो. गातो तो फक्त नर. मादी मुकी असते. पण ती ऐकते, आणि तिचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या थोडे खाली! स्वराच्या रोखाने ती चालत जाते. १९१३ साली व्हिएन्नामध्ये योहान रेगेन या शास्त्रज्ञाने नराचे गाणे टेलिफोनवरून मादीला ऐकविले, तेव्हा ती टेलिफोनच्या श्रवणयंत्राकडेच चालत आली. प्रियकर दिसत नाही, त्याचा वास नाही, तरी केवळ आवाजावर विश्वास टाकून ती निघाली, हे वाचताना आम्हांला हसू आले आणि थोडे गहिवरूनही आले.

या गाण्याला हवामानाचेही बंधन असते. रातकिड्याचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखणारे नव्हे; म्हणून हवा गार झाली की त्याचे पंख संथ होतात. अमेरिकेतल्या डॉल्बेअर नावाच्या प्राध्यापकाने १८९७ साली रातकिड्याच्या किरकिरीचे ठोके मोजून तपमान सांगण्याचे सूत्रच मांडले होते. ते सूत्र आमच्या किड्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. परंतु आश्विनात जो घाईने गातो तोच मार्गशीर्षाच्या थंडीत रेंगाळत, दमल्यासारखा गातो, हे अंगणात बसून कोणालाही ताडता येते.

आता मूळ हकीकतीकडे वळू. गेल्या वर्षी, पाऊस ओसरल्यानंतरच्या एका संध्याकाळी, आम्ही शेजारच्या घरी बसलो होतो. त्या घरचा मुलगा आमचा नववीचा विद्यार्थी. त्याचे आजोबा, ज्यांना तो आबाजी म्हणतो, अंगणात बाजेवर बसले होते. तरुणपणी ते या पट्ट्यातल्या एका खाणीत खडकाला भोके पाडणाऱ्या यंत्रावर कामाला होते. बोलता बोलता विषय रानावर आला, आणि आबाजी एकदम म्हणाले,

“गुरुजी, आता रातकिडे रायले नाही. रान मेलं.”

नेमके त्याच वेळी त्यांच्या बाजेपासून दोन हातांवर, कुंपणाच्या बुडाशी, एक रातकिडा मोठ्या उत्साहाने गात होता. आम्हांला वाटले, आजोबा थट्टा करीत आहेत. आम्ही हसून म्हणालो, “अहो आबाजी, हा काय येथेच बसला आहे! कान किटले की आमचे!” आबाजींनी आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. आपल्याला कोणी वेड्यात काढीत आहे की काय, अशी शंका होती. मुलाने मान खाली घातली. मग ते हळूहळू म्हणाले, “कानात वाजते ना, ते मले ठाऊक आहे. रातभर वाजते. पण खरा रातकिडा मानूस जवळ गेला का चूप होते. हा चूप होतच नाही. मंग तो खरा कसा?”

आम्ही निरुत्तर झालो. घरी परत येताना आम्हांला प्रथम आमच्याच हसण्याची लाज वाटली. त्या घरची माणसे लाडिक तक्रारीने म्हणत असत की, आबाजींना हवे तेवढेच ऐकू येते. आम्हीही ते खरे मानून चाललो होतो. आता प्रश्न पडला, रातकिडा ऐकू येत नाही म्हणजे तो नाही, असे कोणत्या आधारावर म्हणता येईल? या प्रश्नाने आम्हांला वाचनाकडे ढकलले. आणि योगायोग असा की, पहिली दोन उत्तरे समुद्रातल्या बेटांवरून आली.

पॅसिफिक महासागरात हवाई द्वीपसमूहापैकी काउआई नावाचे बेट आहे. तेथे आमच्या रातकिड्याच्या कुळातलाच एक परदेशाहून आलेला रातकिडा वस्तीला आहे. त्याच बेटावर उत्तर अमेरिकेतून एक माशीही आली. ही माशी गाणारा नर कानाने हुडकून काढते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. त्या अळ्या त्याला आतून पोखरून खातात. गाणे म्हणजे मृत्यूला दिलेली हाक ठरली. मार्लीन झुक या संशोधिका तेथे वर्षानुवर्षे जात असत. रातकिड्यांचा आवाज दर खेपेस उणावत गेला, आणि २००३ साली तर जवळजवळ काहीच ऐकू येईना. सारे संपले असे समजून परतणे सोपे होते. परंतु दिवा घेऊन पाहतात तो गवतात रातकिडे हिंडत होते, आणि तेही पुष्कळ! बहुतेक नरांच्या पंखांवरची ती कानशीची रचनाच मोडून पंख सपाट झाले होते. वीस पिढ्यांच्या आतच एक जात गाणारीची मुकी होऊन बसली होती. आणि मुकी झाली म्हणूनच जगली होती.

दुसरे बेट जपानच्या दक्षिणेकडचे ओकिनावा. समशीतोष्ण आणि उष्ण कटिबंधांच्या उंबरठ्यावरचे ते बेट. तेथे खाडीकाठच्या खारफुटीच्या रानात एक इवलासा रातकिडा राहतो. त्याला पंखच नाहीत. म्हणजे गाण्याचा प्रश्नच मिटला. ओहोटी लागली की तो उघड्या चिखलावर उतरून अन्न शोधतो आणि भरती येताच माघार घेतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या किड्यांना समुद्रापासून दूर, अखंड अंधारात ठेवून पाहिले. तरीही त्यांची धावपळ आणि विसावा सुमारे साडेबारा तासांच्या फेऱ्याने चालूच राहिला. भरती-ओहोटीचे घड्याळ त्यांच्या अंगातच होते. समुद्रापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या आम्हांला हे वाचून त्या मुक्या जिवाविषयी एकाएकी जवळीक वाटली, हे लपविण्यात अर्थ नाही.

म्हणजे शांततेचे एक कारण असे की, गाणारा गाणे टाकून देतो किंवा त्याला ते मुळातच नसते. दुसरे कारण आबाजींनीच सांगितले होते: पाऊल वाजले की रातकिडा गप्प होतो. तिसरे कारण आम्हांला कानासंबंधीच्या पुस्तकात सापडले, आणि ते वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसून राहिलो.

आपल्या कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी असते, आणि तिच्यात केसासारखे अतिसूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. निरनिराळ्या स्वरांसाठी निरनिराळ्या जागच्या पेशी कामाला येतात. या पेशी मनुष्यात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आठ तास सतत सोसावयाचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. खडक फोडणाऱ्या हवेच्या यंत्राचा आवाज १०० च्याही वर जातो. अशा आवाजात वर्षे काढलेल्या माणसाचा कान एकदम जात नाही. प्रथम जातात ते सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे स्वर. आणि आमच्या दोन ठिपक्यांच्या रातकिड्याचा स्वर कोठे असतो? ४५०० ते ५००० च्या घरात. यंत्राने कानातून जो तुकडा अगोदर खरवडून काढला, नेमका त्याच तुकड्यात रातकिडा गात होता. त्यात वयाचाही वाटा असतो, हे खरे. म्हातारपणी उंच स्वर सर्वांचेच मावळतात. शिवाय दोष कोणा एकाचा म्हणता येत नाही. खडक फोडणाऱ्यांच्या कानांचा विचार जगात सर्वत्रच उशिरा झाला. जखमी कान रिकामाही राहत नाही. त्यात एक खोटी किर्र चालू राहते, आणि ती कोणाच्या पावलांनी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच पुस्तकातून कळली. भाषेतले ‘स’, ‘श’, ‘त’ असे वर्ण उंच स्वरांवर अवलंबून असतात. ते गळाले की आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाही. शाळा म्हटले काय आणि काळा म्हटले काय, सारखेच. ‘हवे तेवढेच ऐकतात’ या तक्रारीचा खुलासा असा झाला. वीस पावलांवर राहून इतकी वर्षे आम्ही त्या गृहस्थाच्या नावापुढे चुकीची खूण करीत होतो.

हे सारे आम्ही मुलाला समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, आबाजींना ऐकू येत नाही, पण दिसते ना?”

पुढच्या चार संध्याकाळी तो आमच्या मागच्या बांबूच्या बेटात बॅटरी घेऊन बसत होता. रातकिडा पकडणे वाटते तितके सोपे नाही. आवाजाच्या रोखाने एक पाऊल टाकावे तो आवाज बंद. पुन्हा सुरू होईपर्यंत दगडासारखे उभे राहावयाचे, मग आणखी एक पाऊल. मुलाची ती तपश्चर्या पाहून आम्हांला वाटले, एवढे ध्यान व्याकरणाच्या तासाला मिळते तर! अखेर एक नर हाती लागला. काचेच्या बरणीत ओलसर माती, वाळकी पाने आणि काकडीची फोड घालून त्याला ठेवले. दोन रात्री तो रुसून बसला. तिसऱ्या रात्री त्याने पंख उचलले.

मुलाने बरणी अलगद आबाजींच्या बाजेवर ठेवली आणि कंदिलाची वात लहान केली. पंख उचललेले होते, आणि काचेतून त्यांची थरथर स्पष्ट दिसत होती. आबाजी वाकून पाहत राहिले. “गाते काय रे हा?” मुलाने मान हलविली. त्यांनी बरणीचे तोंड आधी एका कानाशी धरले, मग दुसऱ्या कानाशी. हालचालीने किडा गप्प झाला. बरणी पुन्हा खाली ठेवली. सगळे निश्चल बसून राहिलो. काही वेळाने पंख पुन्हा थरारू लागले. मुलाने बोट वर करून खूण केली, की आता चालू आहे. अंगणातल्या आम्हां सर्वांना तो ऐकू येत होता; ज्यांच्यासाठी आणला होता, तेवढ्या एकालाच नाही.

आबाजी म्हणाले, “मंग रान मेलं नाही म्हना.” आणि थोडे थांबून, “मीच बाहीर रायलो.”

त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होते, हे आम्हांला अजून नीट सांगता येत नाही. दुःख होते, पण त्याच्याखाली एक समाधानही होते. आपल्या आयुष्यात रान संपले, या समजुतीने ते कित्येक वर्षे मनात झुरत होते. ते ओझे त्या बरणीने उतरविले, आणि त्याच्या बदल्यात दुसरे, स्वतःचे, ओझे त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते मुकाट्याने घेतले. मग मुलाला म्हणाले, “सोड त्याले. त्याची बाई वाट पाहात असन.” मुलाने त्याला बांबूच्या बेटात नेऊन सोडले.

पुढे आबाजींचे कान तपासून घेतले. तपासणीच्या आलेखावरची रेघ बरीच नीट चालत येऊन, ४००० च्या जागी खड्ड्यात पाय पडावा तशी खाली गेली होती. आता त्यांच्या कानात यंत्र असते. बोलणे पूर्वीपेक्षा बरे समजते. भांड्यांचा खडखडाट मात्र नको इतका समजतो. रातकिडा कधी ऐकू आल्यासारखा वाटतो, कधी नाही. आतली किर्र कोणती आणि बाहेरची कोणती, हे त्यांचे त्यांनाही ठरविता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी नातू अंगणात उभा राहून कान देतो आणि त्यांना येऊन सांगतो: आज कुंपणाशी एक, बेटात तीन. आबाजी मान डोलावतात. जे त्यांच्या कानांनी व्हावयाचे ते आता नातवाच्या कानांनी होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे कान अजून शाबूत आहेत. ज्या स्वरात रातकिडा गातो त्याच स्वरावर मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचा, कानाशी फुटलेल्या फटाक्याचा आणि पूर्ण आवाजात लावलेल्या इअरफोनचाही पहिला घाव पडतो. तो घाव दुखत नाही, म्हणून कळत नाही. तेव्हा अधूनमधून रात्री अंगणात पाच मिनिटे स्वस्थ उभे राहून रातकिडे मोजा. ते ऐकू आले, तर रानही आहे आणि तुमचे कानही आहेत. ऐकू आले नाहीत, तर लगेच रान मेले असे म्हणू नका. दिवा घेऊन बेटाशी जा आणि वाकून पाहा.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, आमची हजेरी घेण्याची रीत त्या दिवसापासून बदलली. नाव घेतले आणि उत्तर आले नाही की पूर्वी लेखणी लगेच चाले. आता आम्ही लेखणी उचलून धरतो, मान वर करतो आणि शेवटच्या बाकापर्यंत एकदा नजर फिरवितो. पुष्कळदा तेथे कोणीतरी बसलेला असतो. त्याने ‘हजर’ म्हटलेलेही असते. ते आमच्या कानांपर्यंत पोहोचलेले नसते, एवढेच.